बसून दिसतं का?

आमच्या ऑफिसातले पाध्ये घर बघायला जाताना स्वतःचं स्टूल घेऊन जातात. लाकडी, बुटकं, वरचा रंग उडालेलं. सॅम्पल फ्लॅटमध्ये शिरताना चपला दाराबाहेर, स्टूल मात्र आत. हॉल नाही, बेडरूम नाही, थेट खिडकी गाठायची. स्टूल ठेवायचं, बसायचं, मान न उंचावता समोर बघायचं आणि उठायचं. निकाल ठरलेला: "बसून दिसत नाही."

तळं दिसत नाही, असं त्यांना म्हणायचं असतं. घर घ्यायचं तर ठाण्यात, आणि ठाण्यात तर तळ्यावर, हा त्यांचा हट्ट. त्यापायी हा कल्याणचा माणूस चार वर्षं दर रविवारी ठाण्याला येऊन बसतो आणि उठतो.

त्यांना मी बरोबर नेलं, कारण मलाही ठाण्यात घर घ्यायचं होतं आणि पाध्यांना सगळे बिल्डर तोंडपाठ. कोलशेतच्या बाजूला बाविसाव्या मजल्यावर सेल्सची मुलगी म्हणाली, "सर, हा आपला लेक व्ह्यू."

पाध्ये स्टुलावरून म्हणाले, "लेक काही दिसत नाहीये. सासरी गेली वाटतं."

मुलीने गुबगुबीत खुर्ची पुढे केली, ती त्यांनी नाकारली. मग तिने मला बाजूला घेऊन विचारलं, काकांना बसायचा काही त्रास आहे का. मी मूळव्याधीचा संशय व्यक्त केला. तोही एवढ्या आत्मविश्वासाने, की तिने घाईघाईने ताक मागवलं.

मी उभ्याने बघितलं. तळं होतं, तळ्यात ढगही होते. मी तिथल्या तिथे होकार दिला.

"सुधीर, एकदा बसून बघ," पाध्ये म्हणाले. "उभ्याने काय, कुणालाही दिसतं."

मी हसलो. ताबा मिळाला त्या दिवशी थर्मासातला चहा घेऊन गॅलरीत ऐटीत खुर्ची टाकली, बसलो, आणि समोर कठड्याची भिंत. पांढरी, गुळगुळीत, माझ्या मालकीची. तेव्हापासून मी चहा उभ्याने पितो. बायको पाहुण्यांना सांगते, ह्यांना तळ्याचं फार वेड, खाली म्हणून बसत नाहीत.

वास्तुशांतीचं आमंत्रण द्यायला मी पाध्यांकडे गेलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. तिसरा मजला, लिफ्ट नाही. पाध्ये दूध आणायला गेलेले. दार नुसतं लोटलेलं होतं, आतून "या" आलं. वहिनी खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. खिडकीबाहेर शेजारच्या बिल्डिंगचे पाइप. पायांतली ताकद गेली त्याला चार वर्षं झाली, त्यांनी अगदी सहज सांगितलं. जिना उतरणं तेव्हापासून बंदच. माहेर ठाण्यातलं, तळ्याच्या काठावरचं.

"मी ह्यांना म्हणते, उभ्याने बघा आणि घेऊन टाका एकदाचं," त्या म्हणाल्या. "तळ्यात काय चाललंय ते मला सांगत जा, म्हणजे झालं."

स्टूल त्यांच्या खुर्चीला टेकवून ठेवलेलं होतं. दोन्हींची उंची एक. आमंत्रणपत्रिका द्यायची राहिली ती राहिलीच. जिना उतरल्यावर ती माझ्या हातात सापडली, म्हणून पुन्हा तीन मजले चढलो.

आता माझं घर झालंय, तरी रविवारी मी पाध्यांबरोबर जातो. स्टूल मी धरतो. परवा तळ्यासमोरच्या एका जुन्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट बघितला. लिफ्ट होती, ते मी आधीच विचारून घेतलेलं. खिडकी खाली गुडघ्यापर्यंत. मी आधी बसलो.

"पाध्ये, दिसतंय."

त्यांनी मला उठवलं. माझ्या डोळ्यांवर त्यांचा भरवसा नाही, आणि तो का नाही ते माझ्या गॅलरीला विचारावं. स्वतः बसले. समोर पाणी, पायऱ्या, काठाला बांधलेल्या दोन बोटी. दर वेळी लगेच उठणारे पाध्ये उठेनात. एजंटने दोनदा घड्याळ बघितलं आणि शेवटी विचारलं, "काका, कसं वाटतंय?"

पाध्यांनी त्याच्याकडे बघितलंच नाही. मला म्हणाले, "ती उशी घेऊन बसते रे. म्हणजे अजून दोन इंच वर."