वाटीतली सिगरेट

धुवायच्या पँटच्या खिशातून सिगरेट निघाली आणि आईचा हात हवेतच राहिला. पँट कुणाची, हा खरा घोळ होता. पंधराव्या वर्षीच मुलाने बापाची उंची गाठली होती, सासऱ्यांची अंगकाठीही तीच. तिघेही दोरीवरून हाताला येईल ती पँट चढवत. पण नवऱ्याने लग्नाआधीच सिगरेट सोडलेली, सासऱ्यांची डॉक्टरांनी सोडवलेली. मग उरला कोण?

मुलाला सरळ विचारलं तर तो कानांवर हात ठेवणार. म्हणून तिने नेहमीचंच केलं. खिशात सापडलेल्या किल्ल्या, पेनं ती फ्रिजवरच्या वाटीत ठेवी. ज्याचं त्याने मुकाट्याने उचलायचं. सिगरेट वाटीत ठेवून, कोण उचलतो ते बघत ती भाजी निवडायला बसली.

कुणीच उचलली नाही. संध्याकाळी बघते तर दोन! जेवणं झाल्यावर तीन, शिवाय लायटर.

आईने नवऱ्याला स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ओढलं. "अहो, हे काय चाललंय?"

"कळलंय ना तुला सगळं? मग छळतेस कशाला?" तो पडेल आवाजात म्हणाला. "ऑफिसात घेतो कधीमधी. वाटीत दिसली, म्हटलं आपण सापडलो. राहिलेली एक होती, तीही आणून ठेवली. लायटरसकट."

"म्हणजे पहिली तुमचीच?" आईचा जीव भांड्यात पडला.

"आई, एक माझीपण आहे," दारातून आत येत मुलगा म्हणाला. "वाटी बघून वाटलं, तुला माझंच कळलंय. वर्गातली पोरं म्हणाली, हिंमत असेल तर ओढून दाखव. एक ओढली, एक उरली."

आईचा जीव भांड्यातून पुन्हा बाहेर आला. तेवढ्यात सासरे चोरपावलांनी आत आले आणि कोपऱ्यातल्या तिघांकडे न बघताच त्यांनी वाटीत हात घातला.

"बाबा!"

"अगं, माझीच आहे. खिशात राहिली होती." ते वाटीत डोकावले. "पण सूनबाई, एकीच्या तीन कशा झाल्या?"

दुपारभर मुलासाठी जुळवलेलं भाषण आता कुणाला ऐकवावं, आईला सुचेना. मोठ्यांपासून सुरुवात करावी, तर समोर सासरे.

"पण आजोबा, मला नुसता खोकला आला," मुलगा म्हणाला. "डोळ्यांतून पाणी, तोंड कडू. ह्यात मजा काय असते?"

"काही नसते!" बाप आणि आजोबा एकदम ओरडले.

"मग तुम्ही का ओढता?"

बाप आजोबांकडे बघायला लागला आणि आजोबा छताकडे.