शेगडीमागची भिंत

आमच्या विश्रांतवाडीच्या सोसायटीत सोनवणेकाका कोणाच्याही घरी गेले, की आधी भिंत वाजवतात आणि मग माणसांकडे बघतात. बोटाच्या पेराने टाइल ठोकायची, कान लावायचा, निकाल द्यायचा, "पोकळ आहे." त्यानंतर "जयभीम, कसे आहात?" आम्ही हौसेने नवं बाथरूम केलं, तेव्हा काका आतून कडी लावून कितीतरी वेळ ठोकत बसले होते. बाहेर पाहुणे ताटकळलेले.

काका सरकारी बांधकाम खात्यातून निवृत्त झाले. कंत्राटदारांवर त्यांचा नोकरीत विश्वास नव्हता, तो निवृत्तीनंतरही बसला नाही. काकी जाऊन बरीच वर्षं झाली. एकट्या माणसाचा स्वयंपाक तो कितीसा? वरणभात, नाहीतर अंड्याची पोळी. त्यामुळे एके दिवशी हमालांनी ओव्हनसकट जमिनीवर उभी राहणारी, कपाटाएवढी शेगडी वर आणली, तेव्हा आमचा अख्खा मजला दारात आला. तिच्या जागेसाठी काकांनी धडधाकट ओटा तोडून घेतला होता.

"काका, एवढ्या मोठ्या शेगडीवर काय करणार?"

"आधी मागची भिंत करणार."

शिवा नावाचा मिस्त्री टाइल्स बसवायला आला. काका स्टूल टाकून त्याच्या पाठीशी बसले.

"शिवा, लेव्हल बघ."

"बरोबर आहे साहेब."

"तसं तुला वाटतंय."

टाइल्स फिक्या निळ्या, मधून फुलांच्या नक्षीची एक पट्टी. ती पट्टी काकांनी आधी खाली घ्यायला लावली, मग वर. पुन्हा खाली म्हणाले, तेव्हा शिवाने थापी ठेवली. "साहेब, पट्टी कुणाच्या उंचीला पाहिजे, ते एकदा सांगून टाका."

काका उठून दारात आले. समोरच माझं घर, मला हाक मारली. "ताई, जरा इथे उभ्या राहता?"

मी शेगडीपुढे उभी राहिले. काका शिवाला म्हणाले, "सुजाता ह्यांच्यापेक्षा दोन बोटं उंच आहे. तिच्या नजरेसमोर आली पाहिजे."

सुजाता म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. तिने बँकेतली नोकरी सोडून केक करायचं ठरवलं, तेव्हा काका तिला म्हणाले होते, "पुन्हा चुलीपुढेच जायचं होतं, तर शिकवलं कशाला?" ती बंगळुरूला गेली. तिथे तिचं दुकान छान चालतं. पण त्यानंतर ती घरी आलेली नाही. काका फोन करतात, पण "पाऊस आहे का तिकडे?" याच्यापुढे बोलणं जात नाही.

"सुजाता येणार आहे का काका?"

"मी अजून बोलावलं नाही." ते निळ्या टाइल्सकडे बघत होते. "माझ्या आईने लोकांच्या घरी भाकऱ्या थापून मला शिकवलं, ताई. चूल म्हटलं की मला तेवढंच दिसायचं. पोरीला काय दिसतं, ते मी विचारलंच नाही."

भिंत झाली. काकांनी ती स्वतः पुसून चकचकीत केली आणि मला म्हणाले, "तुमच्या मोबाइलवरून तिला फोटो पाठवा. मी सांगितलं म्हणू नका."

मी फोटो काढताना आपण त्यात यायला नको, म्हणून काका पोट आत ओढून दाराआड उभे राहिले. फोटो गेला. आम्ही चहा घेतला. दर घोटाला त्यांचं एकच, "बघितला का तिने?"

शेवटी उत्तर आलं. मी मोठ्याने वाचलं, "बाबा कुठे आहेत फोटोत?"

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि आत निघून गेले. कपाट वाजलं, नळ वाजला. बाहेर आले ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, केस पाण्याने चापून. शेगडीपुढे, ओळखपत्राच्या फोटोला उभं राहावं तसे ताठ उभे राहिले. एवढ्या खटपटीने बसवलेली पट्टी ऐन मधोमध त्यांच्या डोक्यामागे गडप झाली.

"काका, थोडं बाजूला व्हा. मागची नक्षी झाकली जातेय."

"राहू द्या," काका म्हणाले. "तिने भिंत विचारलेली नाही."