खायचे आणि टांगायचे

पालकसभेत मी हात वर केला तो पंखा लावायला सांगण्यासाठी. हे मी आजही शपथेवर सांगायला तयार आहे. पहिलीच्या वर्गातले बाक पहिलीतल्या मुलांच्या मापाचे असतात. माझ्यासारखा माणूस त्यात एकदा बसला की गुडघे हनुवटीला टेकतात आणि वारा म्हणून कुठूनच लागत नाही. बाई त्या वेळी नेमकं काय विचारत होत्या, इकडे माझं लक्षच नव्हतं. (बायकोने मला सभेला पाठवलं होतं. तिथे जाऊन ऐकायचंही असतं, हे ती सांगायला विसरली होती.)

"वा!" बाई एकदम टाळ्या वाजवत म्हणाल्या. "इतक्या वर्षांत पहिल्यांदाच एका बाबांनी हात वर केलाय!"

वर्गातल्या सगळ्या आया माझ्याकडे वळल्या. 'अहो, मी पंख्यासाठी' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. पण तेवढ्यात त्याही टाळ्या वाजवायला लागल्या. मी वजनमापे कार्यालयात कारकून आहे. अठरा वर्षं दुकानदारांचे तराजू तपासून त्यांवर शिक्का मारतोय. या अठरा वर्षांत माझ्यासाठी कुणीही टाळ्या वाजवलेल्या नाहीत. मी शब्द गिळले आणि नम्रपणे हसलो.

मग मी फळा वाचला. मोठी सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी वर्गात पार्टी होती. 'खाऊ : घरी केलेला. सजावट : घरी केलेली.' आणि दोन्हींच्या खाली, दुहेरी रेघ मारून, 'मुलांच्या सहभागाने'.

"मग बाबा, यातलं तुम्ही काय कराल?"

पुढच्या बाकावर एक बाई बसल्या होत्या. मी त्यांना मनातल्या मनात आदर्श माता म्हणतो. त्या रोज सकाळी पालकांच्या ग्रुपवर मुलाच्या डब्याचा फोटो टाकतात. त्यात गाजराचं विमान काकडीच्या धावपट्टीवर उतरत असतं. त्या मागे वळल्या आणि गोड आवाजात म्हणाल्या, "बाबांना काहीतरी सोपं द्या ना बाई. कागदी ग्लास वगैरे आणतील ते."

"दोन्ही करीन," मी म्हणालो. "बिस्किटंही करीन आणि खिडकीत टांगायचे तारेही."

घरी आल्यावर हे मी बायकोला जरा वेगळ्या शब्दांत सांगितलं. ("बाईंनी फारच आग्रह केला.") बायको हॉस्पिटलमध्ये सिस्टर आहे. समोरचा माणूस थापा मारतोय की नाही, हे तिला नाडी न धरताही कळतं.

"तुला चहा करताना गाळणं सापडत नाही," ती म्हणाली.

"तू त्याची जागा बदलतेस."

"आठ वर्षं एकाच खिळ्यावर आहे ते."

मी कदाचित माघारही घेतली असती. पण आमच्या साहेबांच्या कानावर बातमी गेली होती. साहेब म्हणजे आमची मुलगी. वय वर्षं सहा. ऑफिसातल्या साहेबांना मी जेवढा घाबरतो त्याच्या दुप्पट हिला घाबरतो, म्हणून हे नाव. दुसऱ्या दिवशी तिने शाळेत जाऊन भर वर्गात उभं राहून जाहीर केलं, "माझे बाबा बिस्किटं करतात!" आजवर वर्गात कुणाचे बाबा विमान चालवतात, कुणाचे आग विझवतात, असं निघालं की ती गप्प बसायची. (वडील तराजूवर शिक्का मारतात यावर पहिलीत कुणी 'बाप रे' म्हणत नाही.) त्या दिवशी ती उड्या मारतच घरी आली. आता माघार घ्यायची म्हणजे तोंड दाखवायला जागा नव्हती.

रविवारी बायको सकाळच्या ड्युटीला निघाली. दारातून ती म्हणाली, "ओव्हनला फक्त तू हात लावायचास. आणि हे बघ, आज बिस्किटं कर, तारे उद्या. दोन्ही एका दिवशी नको."

"अगं, ओव्हन एकदा तापला की दोन्ही कामं होतात. याला नियोजन म्हणतात."

तिने एकदा माझ्याकडे, एकदा स्वच्छ ओट्याकडे पाहिलं, आणि ती गेली.

आता काम तसं सोपं होतं. बिस्किटांना मैदा, लोणी, पिठीसाखर. टांगायच्या ताऱ्यांना मैदा, पाणी आणि भरपूर मीठ. हा मिठाचा गोळा भाजला की दगडासारखा टणक होतो आणि वर्षानुवर्षं टिकतो, असं मी वाचलं होतं. मी एप्रन बांधला. साहेबांनी स्टुलावर उभं राहून सूत्रं हाती घेतली. धाकट्याला, म्हणजे आमच्या चार वर्षांच्या लाडोबाला, आम्ही चमचा देऊन जमिनीवर बसवलं. तासाभरात मैदा ओट्यावर, फ्रिजवर, लाडोबाच्या भुवयांवर आणि, मला अजून न उलगडलेल्या कारणाने, पंख्याच्या पात्यांवर पसरला. पण दोन गोळे तयार झाले. ते मी दोन सारख्या स्टीलच्या डब्यांत भरले.

इथे माझी नोकरी आडवी आली. ऑफिसच्या शिस्तीप्रमाणे मी दोन चिठ्ठ्या केल्या. 'अ : खायचे' आणि 'ब : टांगायचे'. आणि त्या चिकटवल्या झाकणांवर. गोळे अर्धा तास गार व्हायला हवे होते. पण फ्रिजमध्ये जागा करेपर्यंत लाडोबाने दोन्ही झाकणं काढली आणि ती एकमेकांवर आपटत घरभर मिरवणूक काढली. मी ती झाकणं पकडली, पुसली आणि डब्यांवर परत लावली.

कोणतं कशावर, हे आता तुम्ही ओळखलंच असेल. मी नाही ओळखलं.

तसं पाहिलं तर 'अ' डब्यातला गोळा पांढराफटक होता आणि 'ब' मधला पिवळसर, लोण्याने तुकतुकीत. डोळ्यांना ते दिसत होतं. पण ज्या माणसाने अठरा वर्षं सरकारी कागद हाताळले आहेत तो डोळ्यांवर विश्वास ठेवत नाही. चिठ्ठीवर 'खायचे' लिहिलंय ना? मग ते खायचे.

आम्ही साच्याने तारे कापले. 'ब' च्या ताऱ्यांना दोरा ओवायला स्ट्रॉने भोकं पाडली. लाडोबा 'ब' चा एक तुकडा तोंडात घालून मिटक्या मारत बसला होता.

"थुंक! थुंक ते! मीठ आहे त्यात!"

"गोड आहे," लाडोबा म्हणाला.

"खोटं बोलू नये."

"गोड आहे!" तो रडकुंडीला येऊन म्हणाला. मी त्याला खरं बोलण्याचं महत्त्व समजावून सांगितलं. चांगली पाच मिनिटं सांगितलं.

भाजताना घरभर असा काही घमघमाट सुटला की खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका विचारायला वर आले. गंमत म्हणजे घमघमाट टांगायचे तारे भाजताना सुटला. खायचे तारे भाजताना कसलाच वास आला नाही. (ओव्हन आता स्थिरावलाय, असा मी निष्कर्ष काढला.) एखादं चाखून बघावं म्हणून मी हात पुढे केला तर साहेबांनी चमच्याने बोटांवर फटका मारला.

"मुलं अठ्ठावीस, बाई एक, मोठ्या बाई एक. तीस झाले. दोन जास्तीचे. आधी बाई खाणार. मग सगळे. तुम्ही शेवटी."

दुपारभर बसून दोन्ही मुलांनी टांगायच्या ताऱ्यांना रंग दिला. निळा, लाल, हिरवा. साहेबांनी जीभ बाहेर काढून एकेका टोकाला ठिपके काढले. खरं सांगतो, तारे सुरेख दिसत होते. मी फोटो काढून ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'मुलांबरोबरचे काही क्षण.' आदर्श मातेने अंगठा पाठवला. एकच. तोही पाऊण तासाने.

पार्टीच्या दिवशी बायकोने ड्युटी बदलून घेतली आणि आम्ही चौघेही गेलो. खिडकीत दोरीवर आमचे तारे झुलत होते. टेबलावर ताट होतं आणि त्यापुढे साहेबांच्या अक्षरातली पाटी : 'बाबांची बिस्किटे'. मुलं तोंडावर बोट ठेवून रांगेत बसली होती, कारण मुलांच्या पार्टीत आधी मोठ्यांनी खायचं असतं. मुख्याध्यापिकाबाईंनी पहिला तारा उचलला, माझ्याकडे बघून त्या हसल्या आणि त्यांनी तो चावला.

'खट्' असा आवाज झाला.

मुख्याध्यापिकांचा चेहरा एका जागी थांबला. त्यांनी तीस वर्षं पालकांनी केलेला खाऊ खाल्लेला आहे. ही बाई डगमगणारी नव्हती.

"वेगळी चव आहे," त्या म्हणाल्या.

झालं. मोठ्या बाईंना आवडलंय म्हटल्यावर सगळे पालक ताटाकडे धावले. खट्, खट्, खट्.

"फारच वेगळी!"

"साखर अगदी बेताची घातलीय, नाही का? हेल्दी!"

"हल्ली हेच हवंय. कुरकुरीत आहेत पण."

आदर्श माता डोळे मिटून चघळत होत्या. "मूळ धान्याची चव उतरलीय," त्या म्हणाल्या. "रेसिपी टाका हं ग्रुपवर." (आणि हे म्हणताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मला वाटलं, हार मानल्यामुळे.)

मी बायकोकडे विजयी नजरेने पाहिलं. तिने हातातला तारा शांतपणे एकदा टेबलाच्या कडेवर आपटला. टेबलाचा टवका उडाला.

"तू खाऊन बघितलास का रे?" तिने हळूच विचारलं.

मी एक उचलून चावला. तारा जसाच्या तसा राहिला. मग जीभ लागली आणि माझ्या कानांतून वाफ निघाली. वाटीभर मीठ! माझी नजर आपोआप खिडकीकडे गेली. खिडकीखाली खुर्चीवर चढून लाडोबा उभा होता. त्याच्या हातात अर्धा तारा होता आणि जीभ निळीशार झाली होती.

"गोडच आहे!" तो वर्गभर ओरडला. "मी सांगितलं होतं!"

अठ्ठावीस मुलांनी तोंडावरची बोटं काढली. पुढच्या अर्ध्या मिनिटाचं वर्णन मला जमणार नाही. बाक सरकले, दोरी खाली आली, सजावट दिसेनाशी झाली. अठ्ठावीस तोंडं निळी-लाल-हिरवी झाली. आया किंचाळल्या. "रंग खाल्ला! विष! अँब्युलन्स!"

"रंगाचा डबा कुठाय?" एवढ्या गोंधळात एकच आवाज शांत होता. बायकोने साहेबांच्या दप्तरातून डबा काढला, बारीक अक्षरं वाचली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "लहान मुलांसाठी बनवलेला रंग आहे. पोटात गेला तरी धोका नाही. सगळ्यांनी नळावर रांग लावा. चूळ भरा, पाणी प्या." एरवी बाईंचंही न ऐकणारी पोरं मुकाट रांगेत उभी राहिली. मीही रांगेत उभा राहिलो. मला पाण्याची गरज जास्त होती.

आदर्श मातेच्या टापटीप मुलाने तीन तारे हाणले होते. त्याचे दात हिरवे आणि शर्ट लाल झाला होता. "आई," तो आनंदाने म्हणाला, "तू असलं का गं नाही करत?"

आता बोलणं भाग होतं. मी टेबलापाशी गेलो. "माफ करा," मी म्हणालो. "चिठ्ठ्यांचा घोटाळा झाला. ते खायचे होते. आणि हे टांगायचे."

एकदम सगळ्यांना रुमाल सापडले. मुख्याध्यापिकांनी खिडकीकडे तोंड करून बराच वेळ बाहेरचं मैदान पाहिलं. कोपऱ्यात एक उंचापुरे बाबा उभे होते. एवढ्या वेळात त्यांनी अख्खे दोन तारे संपवले होते.

"मग मी काय खाल्लं?" त्यांनी विचारलं.

"सजावट," बायको म्हणाली. "भरपूर पाणी प्या."

मला कुणाचीच भीती नव्हती; भीती होती साहेबांची. ती 'बाबांची बिस्किटे' ही पाटी छातीशी धरून भिंतीला टेकून उभी होती. तिच्याजवळ जायचा मला धीरच झाला नाही. भर वर्गात उभं राहून तिने माझं नाव मोठं केलं होतं, आणि मी ते वाटीभर मिठात घातलं होतं.

घरी परतताना बायको आणि लाडोबा पुढे चालले होते, आम्ही दोघं मागे. कोपऱ्यावरचं चपलांचं दुकान गेलं, औषधांचं गेलं, तेव्हा मी घसा खाकरला.

"साहेब, चुकलं माझं. रागावलीस?"

ती थांबली. तिची जीभ अजून थोडी निळी होती.

"नाही. सगळे म्हणाले, अशी पार्टी कधीच झाली नव्हती. सगळे विचारत होते, तुझे बाबा परत कधी करणार?"

माझी छाती एकदम दोन इंच फुगली. "मग? तू काय सांगितलंस?"

"मी सांगितलं, काही सांगता येत नाही," ती माझा हात धरत समजुतीने म्हणाली. "बाबांकडून हे चुकून झालंय. मुद्दाम करायला गेले तर त्यांना जमणार नाही."