बुटाचं मूळ

मच्छिंद्रला लाइन लीडर व्हायचं होतं, आणि त्यासाठी साहेबांशी इंग्रजीत बोलणं भाग होतं. निमोण्याहून कंपनीच्या बसनं चौदा वर्षं रांजणगावला ये-जा करून त्याच्या पदरात 'ओके सर' आणि 'मशीन स्टॉप' एवढंच पडलं होतं. शेवटी कॉलेजातल्या लेकीनं, भाग्यश्रीनं मनावर घेतलं.

"पप्पा, शब्द नुसता घोकायचा न्हाई. त्याचं मूळ धरायचं, म्हंजी इसरत न्हाई."

झालं! मच्छिंद्रला मुळांचं वेडच लागलं. कामावरसुद्धा हातातली वही सुटेना. मंगळवारचा शब्द होता 'सॅबोटाज', म्हणजे मुद्दाम केलेला घातपात. मूळ फ्रान्सचं. तिथले कामगार म्हणे चिडले की पायातला लाकडी बूट, त्यांच्या भाषेत 'साबो', काढून मशीनमध्ये फेकायचे.

आणि नेमकं त्याच दिवशी मशीन बंद पडलं. साहेब धावत आले. "काय झालं?"

संधी बघा कशी चालून आली! मच्छिंद्र छाती काढून पुढं झाला. "सर, सॅबोटाज!" आणि त्यानं बुटाची अख्खी कथा सांगून टाकली. ऐकता ऐकता साहेबांची नजर खाली गेली. मशीनच्या पायाशी खरोखरच एक बूट पडला होता. हौशीरामचा. हौशीराम म्हणजे मच्छिंद्रचा शेजारी, चौदा वर्षं त्याच्याच डब्यात हात घालणारा. नवा बूट टाचेला लागला म्हणून बिचाऱ्यानं घटकाभर काढून ठेवला होता.

"साहेब, फोड आलाय वो!" एका पायावर उभा राहून हौशीराम सांगत राहिला. पण साहेबांच्या डोक्यात फ्रान्स शिरला होता. चौकशी होईस्तोवर हौशीरामला घरी बसवलं. मच्छिंद्रला मात्र शाबासकी मिळाली, आणि तो मेला गप्प राहिला.

डबा आता एकट्यानं खायचा. चांगुणा, त्याची बायको, सवयीनं हौशीरामच्या दोन भाकरी बांधायची, त्या तशाच परत यायच्या. तिसऱ्या दिवशी त्यानं मशीनची चेकशीट चाळली. सोमवारच्या ऑइलच्या रकान्यात सहीच नव्हती. ऑइल घालायची पाळी त्याची होती, आणि तो बसला होता शब्द घोकत. मशीन त्यापायीच बंद पडलं होतं.

संध्याकाळी भाग्यश्री मोबाइल बघत म्हणाली, "पप्पा, ती बूट फेकायची गोष्ट खोटी हाय म्हणं. पुरावाच न्हाई कुठं."

मच्छिंद्रनं वही मिटली. "म्हंजी त्यो बूट बी निर्दोष?"

दुसऱ्या दिवशी साहेबांपुढं त्याला एकही इंग्रजी शब्द आठवला नाही. "चूक माझी हाय, साहेब. ऑइल मीच इसरलो. हौशाचा काय बी दोष न्हाई."

लाइन लीडरकी हाताशी येऊन गेली. हौशीराम परत आला, पण बसमध्ये लांब जाऊन बसला. जेवणाच्या सुट्टीत मच्छिंद्रनं चोरासारखा त्याच्यासमोर डबा उघडला.

"हौशा, सॉरी." एवढ्यावर थांबायचं की नाही? पण सवय वाईट. "या शब्दाचं मूळ म्हंजी बघ, दुखणं, जखम..."

"ठावं हाय," टेबलाखालून पाय बाहेर काढत हौशीराम म्हणाला. "ते मूळ माझ्या टाचंत हाय. चटणी सरकव."