नातीची पदवी आणि माझे डोळे

माया आणि भय एका घरात फार काळ नांदली की त्यांचे आवाज सारखे होतात. मग भयाचा उपदेश आपण मायेचा समजून घरच्यांना ऐकवू लागतो. आमच्याकडे हे नातीच्या पदवीवरून घडले.

मी निवृत्त संस्कृत शिक्षक. सूर्याची, अग्नीची, दीपाची स्तोत्रे शिकवण्यात माझी हयात गेली. तेव्हा प्रकाशाचे शास्त्र कोणत्या पदवीतून शिकावे, याचा निर्णय मी चुटकीसरशी देईन, असे मी जेवताना छातीठोकपणे जाहीर केले. सुनेने आमटीची वाटी पुढे सरकवली. तेवढाच प्रतिसाद.

नातीपुढे तीन वाटा होत्या. आधी भौतिकशास्त्राची पदवी घेऊन मग प्रकाशशास्त्राकडे वळायचे. किंवा थेट फोटॉनिक्स या अभियांत्रिकी शाखेत जायचे, जिथे प्रकाशाला काचेच्या तंतूंतून धाडून कामाला जुंपतात. किंवा दृष्टी तपासून चष्म्याचे नंबर काढायला शिकायचे. तिच्या बापाचा, म्हणजे माझ्या चिरंजीवांचा, कौल तिसरीला होता. लोकांचे डोळे बिघडायचे थांबत नाहीत, सबब पोरगी उपाशी मरणार नाही, हा त्यांचा सिद्धान्त. पहिल्या दोन्ही वाटांवर लेझर लागतो आणि लेझरने माणूस आंधळा होतो, एवढे त्यांनी कुठेतरी ऐकले होते.

विद्यापीठाने प्रवेशेच्छूंसाठी प्रयोगशाळा खुली ठेवली, तेव्हा चिरंजीव, नात आणि मी असे तिघे निघालो. माझी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झाली होती. सुनेने दारातच बजावले, "मामा, नवीन भिंगं आहेत. कुठे टक लावून बघत बसू नका."

प्रयोगशाळेच्या दारावर तांबडा दिवा होता. मृत्यूच्या दारावरही इतका स्पष्ट दिवा नसावा. चिरंजीव तिथेच थबकले आणि लेकीला म्हणाले, "ऐकून ठेव. कोणाच्या डोळ्याला जरा जरी काही झालं, तर हा विषय इथेच संपला."

नातीने माझा हात घट्ट धरला.

आत प्राध्यापिका बाईंनी सर्वांना धीर दिला. आजचा किरण अगदी सौम्य आहे, थेट त्याच्या उगमात डोकावू नका म्हणजे झाले, चष्म्याचीही गरज नाही. पण भ्यालेल्या माणसाला शेवटचे वाक्य ऐकू येत नाही. भिंतीवरच्या खुंटीला नारिंगी काचांचे संरक्षक चष्मे टांगले होते. दिवे मालवले गेले, त्या क्षणी मी हात लांबवून एक ओढला आणि माझ्या चष्म्यावर चढवला. युद्धात उतरताना कवच कोणी विचारून घालते काय?

काळोख झाला. यंत्राने धुक्याचा फवारा सोडला. बटणाचा आवाज आला आणि खोलीभर "अहाहा" उमटले.

मला काहीच दिसले नाही.

मी डोळे मिटले, उघडले. काळोख तसाच. माझी पाचावर धारण बसली. कवच घालूनही बाण लागला होता! पण त्याहून मोठे भय दुसरेच होते. मी "दिसत नाही" म्हणालो, की नातीची वाट त्याच क्षणी बंद. मी ठरवले : दृष्टी गेली तर गेली, वाच्यता करायची नाही. घरी जाऊन हळूहळू आंधळे होता येईल.

"अप्रतिम," मी म्हणालो. आवाज बकरीसारखा निघाला.

प्राध्यापिकांना तेवढ्यात माझेच कौतुक वाटायचे होते. त्यांनी विचारले, "आजोबा, रंग कसा वाटला?"

मी दारावरचा दिवा स्मरून उत्तर दिले, "तांबडा. उगवत्या सूर्यबिंबासारखा."

"बाबा," चिरंजीव सावकाश म्हणाले, "तो हिरवा आहे."

त्यांनी माझा दंड पकडला. आधी डोळ्यांचे डॉक्टर, आणि लेकीला उद्यापासून चष्म्याचे नंबर, असे ते काळोखातच बजावू लागले. त्यांचा स्वर रडवेला झाला होता. नात धडपडत माझ्यापाशी आली. तिने माझा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला आणि तिची बोटे थांबली.

"आजोबा, हे काय घातलंय?"

तिने कवच उचलले. आणि काळोखातून कोवळ्या पानाच्या रंगाची एक रेघ निघाली, इतकी सरळ, की पाणिनीचे सूत्रही तिच्यापुढे वाकडे वाटावे.

"हा चष्मा नेमका हाच रंग अडवण्यासाठी असतो," नात बापाला म्हणाली. "आजोबांना किरण दिसला नाही, म्हणजे चष्म्याने काम चोख केलं. बाबा, डोळे असे सांभाळतात. तेच मला शिकायचंय."

चिरंजीव खाली बसले. त्यांनी विचारले, "हे कुठल्या पदवीत शिकवतात?"

प्राध्यापिका म्हणाल्या की पहिल्या दोन्हीत. थेट जायचे तर फोटॉनिक्स, पाया रुंद हवा तर भौतिकशास्त्र. नातीने भौतिकशास्त्र निवडले. मी निर्णय देण्यासाठी घसा खाकरला होता, पण माझे मत कोणी विचारले नाही. चिरंजीवांनी एवढेच सांगितले की प्रवेशाच्या दिवशी बाबा घरीच थांबतील.

थांबेन. नातीची वाट उजळ राहो, तिच्या बापाची काळजी हलकी होवो, आणि त्या खुंटीवरचे चष्मे योग्य नाकांना लाभोत.