साळवे मामांचं बरं होणं

साळवे मामांना "तब्येत कशी आहे?" असं विचारलेलं चालत नाही. आपण बेल वाजवली की आतून आवाज येतो, "आधी तुमचं सांगा!" मग बाहेर उभं राहून आपली कंबर, आपलं पित्त, आपली झोप असं सगळं सांगायचं. आपण पुरेसे आजारी निघालो की कडी निघते. दूधवाल्याला ते एकदा एवढंच म्हणाले, "डोळे पिवळे दिसायलेत रे तुझे." तो बिचारा रक्त तपासून आला. काहीच निघालं नाही. मामा म्हणाले, "लवकर गेलास ना, म्हून."

मामा माझे शेजारी. आयुष्यभर एसटी चालवली, शेवटची बरीच वर्षं गंगापूरच्या गाडीवर. मामी जाऊन काही वर्षं झाली. मुलगी कविता लग्नानंतर पुण्याला. मामांचा दमा जुनाच, पण या हिवाळ्यात तो असा उसळला की दवाखान्यात ठेवावं लागलं. कविता धावत आली, त्यांना घरी आणून बसवलं आणि रजा संपली तशी गेली. जाताना माझा नंबर घेऊन गेली.

मग सुरू झालं मामांचं घरातलं आजारपण. छातीला ते इंजन म्हणायचे आणि ओढायच्या पंपाला भोंगा. "ताई, आज इंजन घाट चढंना. भोंगा कुठं ठिवलाय बघा." दुपारचा डबा माझ्याकडून जाई. तिखट बंद, तळलेलं बंद. "ह्यो भात हाय का आजाराचा दाखला?" असं म्हणत ते शेवटचं शीतही सोडत नसत. समोरच्या बाई गॅलरी झाडायला लागल्या की खिडकीतून ओरडत, "धूळ हिकडं नका लोटू! ती माझंच घर विचारत येती!" त्या बाई हसत, दोन शब्द बोलत. दिवसभरात तेवढंच बोलणं व्हायचं कधीकधी. जिन्यात कुणाची चप्पल वाजली की मामा टीव्हीचा आवाज बारीक करत. चप्पल वरच्या मजल्यावर गेली की पुन्हा मोठा.

संध्याकाळी कविताचा व्हिडिओ कॉल यायचा. "ही काय रोजची चेकिंग लावली," म्हणून कुरकुरत, पण खूप आधीपासून इस्त्रीचा शर्ट घालून, केस चापून बसलेले असत. फोन वाजला की वरून शाल ओढायची, म्हणजे आजारी दिसतं. ती रागवायची. गरम पाणी प्यायलात का, पंप ओढून दाखवा, मफलर कुठंय? मामा मान खाली घालून ऐकत. इतका खूश गुन्हेगार मी दुसरा पाहिला नाही.

महिनाभरानं मी त्यांना औरंगपुऱ्यात डॉक्टरांकडं दाखवायला घेऊन गेले. डॉक्टरांनी छाती तपासली आणि म्हणाले, "मामा, एकदम साफ. आता रोजचं सगळं सुरू करा."

"पहाटं जरा घरघर असती की," मामा म्हणाले.

"नाही. काही नाही."

"नीट बघा ना साहेब. खाली डावीकडं बघा."

डॉक्टरांनी हसत पुन्हा बघितलं. डावीकडंही साफ.

एरवी रिक्षात बसले की मामा रिक्षावाल्याला गिअर कधी टाकायचा ते सांगतात. त्या दिवशी घरापर्यंत एक शब्द नाही. बरं झाल्याचं ऐकून तोंड उतरलेला माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. त्यांच्या घरात शिरतो तोच माझा फोन वाजला. कविता.

मामांनी झटकन हात वर केला. "ताई, नका सांगू तिला."

"काय नको?"

"बरा झालोय म्हून." ते खुर्चीत बसले. "पहिले ती हप्त्यातून एकदा फोन करायची. तिचं बी बरोबर हाय. नोकरी हाय, लेकरं हायेत. पण ह्या आजारात रोज तोंड दिसायलंय तिचं."

फोन वाजतच होता. मला खोटं बोलवेना आणि खरंही बोलवेना. मी फोन उचलला आणि त्यांच्याच हातात दिला.

मामांनी तो कानाला लावला. मग घसा साफ करून म्हणाले, "हां कविते. व्हय, गेल्तो. छाती साफ हाय म्हणाले." पलीकडून ती काहीतरी भरभरून बोलली. ते ऐकत राहिले. "नाय, खोकला बी नाय... ऐक, आता रोज नको करत जाऊ फोन. लेकरांचा अभ्यास घ्यायचा टाइम असतो तुझा तो. माझं काय, मी एकदम फस्क्लास."

फोन मला परत दिला आणि म्हणाले, "उद्यापासून डबा बी नका आणू. करतो मी माझं."

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्याच घरची बेल वाजली. दारात मामा, हातात झाकलेलं पातेलं.

"पिठलं केलं. एकट्याच्या अंदाजानं जमंना, लई झालं."

पातेलं चांगलं मोठं होतं, चार माणसं जेवली असती. म्हटलं, "आत या मामा."

"नाय, बसत नाय," ते म्हणाले आणि बसले.