भिंतीवरचं विसावं ठिगळ

एकोणीस ठिगळं.

बर्फाच्या पाण्यात गार होत पडलेल्या नूडल्स.

घट्ट झाकणाचा रंगाचा डबा.

जन्मात कशालाही "छान" न म्हणालेली एक थोरली बहीण.

पट्टीनं आखून कापल्यासारखे गाजराचे काप.

यातले काप बाईंचे. तीस वर्षं शाळेत भूमिती शिकवल्यामुळे त्यांच्या हाताखाली काकडीसुद्धा सरळ वागायची. ठिगळं मात्र रंगाऱ्याची. बाईंच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर त्यानं एकोणीस रंगांचे नमुने लावले होते आणि बाईंनी एकोणीसच्या एकोणीस नापास केले होते.

"दादा, संध्याकाळी माझी ताई येतेय जेवायला," भोपळी मिरची चिरता चिरता बाई म्हणाल्या. "तोवर रंग ठरला नाही, तर उद्या मी वॉलपेपरवाल्याला बोलावणार. मग तुम्ही मोकळे."

रंगाऱ्यानं एकोणीस ठिगळांवरून नजर फिरवली. बावीस वर्षांत त्याच्या हातची एकही भिंत कागदवाल्याकडे गेली नव्हती.

"आणि जरा मिक्सरचं बटण दाबा हो. माझे हात बरबटलेत."

भांड्यात नूडल्सवर घालायचं वाटण: भाजलेले शेंगदाणे, तीळ, आलं, लिंबू, मध आणि सोया सॉस. रंगाऱ्यानं बटण दाबलं. झाकण छताला शिवून आलं आणि निम्मं वाटण फट्‌दिशी भिंतीवर जाऊन बसलं.

तो फडकं घेऊन धावला.

"हात लावू नका!" बाई वर्गात ओरडाव्यात तशा ओरडल्या.

फडकं हवेतच राहिलं. खिडकीतून आलेलं उतरतं ऊन नेमकं त्या डागावर पडलं होतं. पिवळा म्हणावा तर नव्हे, तपकिरी म्हणावा तर तोही नव्हे. भिंत आतून उबदार झाल्यासारखी दिसत होती. रंगाऱ्यानं नकळत डोक्यावरची टोपी काढली.

"हाच," बाई कुजबुजल्या.

"हाच. पण बाई, वाळला की काळपटणार बघा. आत्ताच्या आत्ता जुळवायला हवा."

रंगाचा डबा उघडताना बाईंचे दोन चमचे वाकले. पांढऱ्यात पिवळा, पिवळ्यात तपकिरी, वर लालचा एकच थेंब. पण ताडून बघायला शेजारी ताजा डाग हवा. "वाटण द्या," रंगारी म्हणायचा आणि बाई चमचाभर वाटण भिंतीला थापायच्या. असं करता करता भांडं खरवडून निघालं. नूडल्सवर घालायला थेंबही उरला नाही.

"जमलं!" शेवटी रंगारी म्हणाला.

"अगदी हुबेहूब! यातला रंग कुठला आणि वाटण कुठलं?"

रंगाऱ्यानं डोळे बारीक करून पाहिलं. त्यालाही सांगता येईना. वास घ्यावा, तर सगळ्या खोलीलाच तिळाचा वास. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"तुम्ही डावं घ्या, मी उजवं," बाई म्हणाल्या.

दार उघडंच होतं. ताई आत आल्या तेव्हा त्यांची धाकटी बहीण आणि एक परका माणूस खांद्याला खांदा लावून भिंत चाटत होते.

"ताटं विकलीस की काय गं?"

बाईंच्या जिभेवर शेंगदाणा होता. रंगाऱ्याच्या जिभेवर रंग. कडूजहर. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते काही चवीमुळे नव्हतं.

ताई तरातरा भिंतीपाशी गेल्या. बाईंनी मान खाली घातली. ताईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला.

"छान आहे," ताई म्हणाल्या.

बाईंच्या हातातला चमचा खाली पडला. तो उचलायचं कुणालाच सुचलं नाही.

मग तिघांनी नूडल्सवर नुसतं लिंबू पिळलं, गाजर-काकडी घातली आणि भिंतीकडे तोंड करून ऊन जाईपर्यंत जेवण केलं.

मिक्सरच्या त्या उडालेल्या झाकणाची रबरी रिंग त्याच दिवशी सकाळी नऊ वाजता रंगाऱ्यानं आपल्या रंगाच्या गळक्या डब्याला बसवली होती.